घासलेटची रांग कुठे गेली? जगाच्या तेलाची मागणी शिखरावर पोहोचली का, हे समजून घेताना



गेल्या दोन-तीन वर्षांत वर्तमानपत्रात दोन प्रकारच्या बातम्या आलटून पालटून येतात. एक म्हणते, जगाची तेलाची मागणी आता शिखरावर येऊन ठेपली आहे, इथून पुढे उतार. दुसरी म्हणते, छे, मागणी २०५० पर्यंत वाढतच जाणार. मुलं विचारतात, "सर, यातलं खरं कुठलं?" पालक जरा वेगळ्या शब्दांत विचारतात: "मुलाला आयटीआयला डिझेल मेकॅनिकला घालू का?" प्रश्न तोच आहे. म्हणून हा पाठ.

इथे तेल म्हणजे खोबरेल किंवा शेंगदाणा तेल नव्हे, जमिनीखालून निघणारं खनिज तेल, म्हणजे कच्चं तेल. ते पिंपांत म्हणजे बॅरलमध्ये मोजतात. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. २०२४ मध्ये जग रोज सुमारे १० कोटी ३० लाख पिंपं तेल वापरत होतं. लक्षात घ्या, वर्षाला नव्हे, रोज.

आधी दोन शिखरं वेगळी करूया

आम्ही शाळेत होतो तेव्हा "तेल संपणार" हा धडा असायचा. ते होतं उत्पादनाचं शिखर. विहिरीतून निघणारं तेल वाढत जातं, एका टप्प्याला सर्वांत जास्त होतं आणि मग कमी होतं. याचं उदाहरण आपल्याच समुद्रात आहे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईपासून दूर समुद्रात तेल शोधलं. ते 'बॉम्बे हाय'. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथलं उत्पादन सर्वांत जास्त होतं, त्यानंतर ते उतरत गेलं. पण म्हणून आपण तेल कमी वापरायला लागलो का? नाही. आयात वाढवली. आज भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो.

आता जी चर्चा चालू आहे ती मागणीच्या शिखराची आहे. म्हणजे तेल आहे, पण घेणारे कमी होतील का? हे मुलांच्या गळी उतरवणं थोडं कठीण जातं. "वस्तू संपली" हे समजतं, "वस्तू असून कोणी घेत नाही" हे चटकन समजत नाही. त्यासाठी घासलेटची गोष्ट सांगावी.

घासलेट संपलं नाही, घेणारे संपले

सिंधुदुर्गात चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा. रेशनच्या दुकानासमोर हातात कॅन घेऊन लावलेली रांग, निळं घासलेट, संध्याकाळी कंदिलाची काच पुसणं, स्टोव्हला पंप मारणं. भारतात सन २००० च्या सुमारास वर्षाला १ कोटी टनांहून जास्त घासलेट वापरलं जात होतं. आता हा आकडा ५ लाख टनांच्याही खाली आला आहे. म्हणजे वीस भागांतला एक भाग उरला.

घासलेट संपलं का? नाही. आजही ते तयार करता येतं. पण घरोघर वीज आली, त्यामुळे कंदिलाचं काम गेलं. गॅसचा सिलिंडर आला, २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, त्यामुळे स्टोव्हचं काम गेलं. सरकारने सवलतीचा कोटाही कमी करत आणला.

या गोष्टीतून तीन मुद्दे मुलांच्या वहीत लिहून घ्यावेत.

पहिला: ज्या वर्षी घासलेटची मागणी शिखरावर होती, त्या वर्षी कुणालाही ते कळलं नाही. दवंडी पिटली गेली नाही. काही वर्षं गेल्यावर मागे वळून पाहिलं तेव्हा दिसलं.

दुसरा: माणसं घासलेटला कंटाळली म्हणून मागणी गेली नाही. तेच काम करणारं दुसरं साधन घरात आलं म्हणून गेली.

तिसरा, आणि सगळ्यात महत्त्वाचा: स्टोव्हच्या जागी आलेला गॅस कुठला? तोही बराचसा खनिज तेलाच्या आणि नैसर्गिक वायूच्या उद्योगातूनच येतो. शिवाय विमानाचं इंधन म्हणजे अधिक शुद्ध केलेलं घासलेटच. जे कंदिलात जळायचं त्याचा सख्खा भाऊ आज मोप्याच्या विमानतळावरून उडतो. म्हणजे एका कामातून तेल बाहेर पडलं आणि दुसऱ्या कामात शिरलं. एकूण बेरीज वाढतच राहिली.

नारळ फोडल्यावर काय काय निघतं?

"तेलाची मागणी" असं आपण एका दमात म्हणतो, पण ती एक मागणी नाही. नारळाचं उदाहरण घ्या. सोलला की सोडणं निघतात, फोडला की पाणी, खोबरं आणि करवंटी. तुम्हाला फक्त पाणी हवं असलं तरी बाकीचं निघतंच. कच्चं तेल शुद्धीकरण कारखान्यात तापवलं की तसंच होतं. हलका भाग वर जातो, जड भाग खाली राहतो. गॅस, पेट्रोल, नाफ्था, घासलेट आणि विमानाचं इंधन, डिझेल, भट्टीचं तेल आणि तळाला डांबर. प्रमाण थोडंफार बदलता येतं, पण एकच वस्तू काढता येत नाही.

म्हणून "मागणी कमी झाली का?" असं विचारण्याऐवजी "तेल करत असलेल्या कुठल्या कामाची मागणी कमी झाली?" असं विचारायला हवं. यासाठी सावंतवाडीच्या बाहेर जायचीही गरज नाही.

*रेल्वे.* कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली तेव्हा इंजिनं डिझेलची होती. रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग आता विजेवर आहे. २० जून २०२२ ला त्याचं राष्ट्रार्पण झालं. सावंतवाडी रोड स्टेशनवरून जाणाऱ्या गाड्यांचं ते डिझेल कायमचं वाचलं. याच मार्गावर १९९९ पासून भरलेले ट्रक रेल्वेच्या वॅगनवर चढवून नेतात. ट्रक रस्त्यावर चालला असता तर लागलं असतं तेवढं डिझेल तिथेही वाचतं.

*दुचाकी आणि रिक्षा.* भारतात २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या दुचाकींपैकी सुमारे ६ टक्के विजेच्या होत्या. तीनचाकींमध्ये मात्र निम्म्याहून जास्त. म्हणजे एकाच रस्त्यावर एक काम वेगाने बदलतं आहे, दुसरं हळूहळू.

*एसटी.* १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच मार्गावर 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू झाली. पण घाटरस्त्यांवरच्या बहुतेक गाड्या अजून डिझेलवरच चालतात.

*ट्रक आणि मासेमारी.* मालवण-वेंगुर्ल्याचे ट्रॉलर डिझेलवर समुद्रात जातात. कित्येक तास किनाऱ्यापासून दूर राहायचं, जड जाळी ओढायची, तर बॅटरी किती मोठी लागेल? इथे पर्याय अजून परवडत नाही.

*विमान.* चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि मोप्याचा डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाला. आपल्या आसपास दहा वर्षांपूर्वी नसलेली ही मागणी आहे आणि ती वाढतेच आहे.

*प्लास्टिक.* हे मुलांच्या डोक्यात येतच नाही, कारण हे तेल जळत नाही. चितार आळीतली लाकडी खेळणी आठवा. आज बहुतेक घरांत मूल खेळतं ते प्लास्टिकच्या खेळण्याशी. पावसात इरलं जाऊन प्लास्टिकचं कापड आलं. रापणीची सुताची जाळी जाऊन नायलॉनची आली. बागेतला पाइप, घरावरची टाकी, दुधाची पिशवी, डॉक्टरांची सिरिंज, सगळं तेलाच्या आणि वायूच्या रसायनांतून येतं. जगाच्या तेलाच्या मागणीत यापुढे सर्वांत जास्त भर या रसायनांमुळे पडेल, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

थोडक्यात, काही कामांतून तेल निघून चाललं आहे, काही कामांत अडून बसलं आहे आणि काही कामांत नव्याने शिरतं आहे. जगाची एकूण मागणी ही या सगळ्यांची बेरीज-वजाबाकी आहे. वजा होणारे आकडे अधिकच्या आकड्यांपेक्षा मोठे झाले की शिखर मागे पडलं म्हणायचं.

कोणाचं शिखर? एक साधं गणित

आता गणिताच्या तासाला घेता येईल असं उदाहरण. जगाचं रोजचं तेल १० कोटी ३० लाख पिंपं, एका पिंपात १५९ लिटर, लोकसंख्या सुमारे ८१० कोटी. उत्तर येतं माणशी रोज साधारण २ लिटर.

भारताचं घ्या. रोज सुमारे ५५ लाख पिंपं, लोकसंख्या सुमारे १४५ कोटी. उत्तर येतं माणशी ०.६ लिटर, म्हणजे जगाच्या सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. अमेरिकेचं काढा. रोज सुमारे २ कोटी ३ लाख पिंपं, लोकसंख्या ३४ कोटी. माणशी साडेनऊ लिटर.

यातून दोन गोष्टी दिसतात. अमेरिकेची मागणी २००५ मध्ये सुमारे २ कोटी ८ लाख पिंपांवर होती. जवळजवळ वीस वर्षं झाली, ती फारशी वाढलीही नाही, फारशी उतरलीही नाही. जपानची मागणी १९९० च्या दशकाच्या मध्याला सर्वांत जास्त होती आणि तेव्हापासून जवळजवळ ४० टक्क्यांनी घटली आहे. चीनमध्ये २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ निम्म्या विजेच्या किंवा प्लगला लावता येणाऱ्या होत्या. तिथली पेट्रोल-डिझेलची मागणी थबकली आहे. या देशांचं शिखर, निदान रस्त्यावरच्या इंधनाचं, आलं किंवा येऊन गेलं.

भारताचं मात्र आलेलं नाही. आपला माणशी वापर ०.६ वरून फक्त १ लिटर झाला, तरी रोज आणखी सुमारे ३६ लाख पिंपं लागतील. आपण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळू लागलो, विजेच्या गाड्या येत आहेत, म्हणून ही वाढ थोडी आटोक्यात राहील. पण ज्या घरात आत्ताच पहिली स्कूटर येते आहे, त्या घराला "जगाची मागणी शिखरावर आहे" हे सांगून काय उपयोग?

खोटी शिखरं कशी ओळखायची?

याआधीही लोकांनी "झालं, आलं शिखर" म्हटलेलं आहे. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, तेलाचे भाव भडकले. १९७९ ते १९८३ या काळात जगाची मागणी सुमारे १० टक्क्यांनी घसरली. अनेक देशांनी विजेच्या कारखान्यांत तेल जाळणं सोडलं आणि कोळसा, अणुऊर्जा यांच्याकडे वळले. तेलाचं ते काम पुष्कळ अंशी कायमचं गेलं. पण दशक संपता संपता एकूण मागणी पुन्हा जुन्या पातळीवर आली, कारण मोटारी आणि विमानं वाढली. आपल्या घासलेटसारखंच झालं.

२०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत मागणी रोज सुमारे ९० लाख पिंपांनी कोसळली. त्याच वर्षी बीपी या मोठ्या तेल कंपनीने मांडलेल्या तीन शक्यतांपैकी दोन शक्यतांत मागणी कोरोनाआधीच्या पातळीवर परत येतच नव्हती. प्रत्यक्षात २०२३ मध्ये ती ओलांडली गेली.

मग कसोटी काय? मागणी घटली की विचारायचं: लोक थांबले म्हणून घटली, की साधन बदललं म्हणून? टाळेबंदीत लोक थांबले होते, दार उघडताच पुन्हा निघाले. रेल्वेची तार ओढली गेल्यावर मात्र डिझेल इंजिन सहसा परत येत नाही.

दोन संस्था, दोन उत्तरं

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था ही तेल विकत घेणाऱ्या श्रीमंत देशांनी १९७४ मध्ये, तेलसंकटानंतर स्थापन केली. तिचं कार्यालय पॅरिसला. ओपेक ही तेल विकणाऱ्या देशांची संघटना, १९६० मध्ये बगदादला स्थापन झालेली, कार्यालय व्हिएन्नाला. पहिली संस्था २०२३ पासून म्हणत आली की २०३० च्या आसपास मागणी वाढायची थांबेल. ओपेकच्या अंदाजात २०५० मध्ये ती रोज १२ कोटी पिंपांच्याही वर जाते.

गंमत म्हणजे नोव्हेंबर २०२५ च्या अहवालात ऊर्जा संस्थेने स्वतःच दोन चित्रं मांडली. देशांनी जाहीर केलेली धोरणं पुढे नेली तर २०३० च्या सुमारास मागणी सपाट होईल. फक्त आज लागू असलेले नियमच राहिले तर २०५० पर्यंत ती सुमारे ११ कोटी ३० लाख पिंपांपर्यंत वाढेल.

म्हणजे ही भविष्यवाणी नव्हे. व्याकरणात आपण शिकवतो ती संकेतार्थी वाक्यं आहेत: जर असं झालं, तर तसं होईल. बातमीचा मथळा 'जर' गाळून टाकतो आणि 'तर' मोठ्या अक्षरात छापतो. मुलांना बातमीतला गाळलेला 'जर' शोधायला लावणं हा मराठीच्या तासाचाही चांगला अभ्यास आहे.

मग शिखर आलं का?

जगाच्या एकूण मागणीचं शिखर अजून आलेलं नाही. २०२४ ची मागणी आधीच्या वर्षापेक्षा जास्तच होती. पण वाढीचा दम कमी झाला आहे, हेही खरं.

आणि 'शिखर' हा शब्दच मला थोडा फसवा वाटतो. शिखर म्हटलं की चढ संपला रे संपला की लगेच उतार असं चित्र डोळ्यांपुढे येतं. आपल्या कोकणात त्याहून योग्य शब्द आहे: सडा. घाटी चढून वर आलो की मैल दीड मैल सपाट कातळ, थोडा खाली, थोडा वर. आपण नेमके सर्वांत उंच जागी कधी होतो हे चालताना कळत नाही. अमेरिका वीस वर्षं अशाच सड्यावर चालते आहे. जगही बहुधा अशाच सड्यावर येईल.

आपल्याला याचं काय?

याचं उत्तर आपल्या जिल्ह्याला चांगलंच ठाऊक आहे. राजापूर तालुक्यातला नाणार परिसर आणि आपल्या देवगड तालुक्यातला गिर्ये-रामेश्वर भाग मिळून वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा, ३ लाख कोटी रुपयांचा तेलशुद्धीकरण प्रकल्प ठरला होता. २०१८ मध्ये सौदी अरामको आणि अबुधाबीची तेल कंपनीही त्यात उतरली. मोठा विरोध झाला आणि मार्च २०१९ मध्ये नाणारची जमिनीची अधिसूचना रद्द झाली. पुढे बारसू-सोलगावचं नाव आलं. एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षण सुरू झालं तेव्हा पुन्हा आंदोलन पेटलं.

एक बाजू म्हणते, पोरं मुंबई-गोव्याला जातात, त्यांना इथे काम हवं. दुसरी म्हणते, आंबा, काजू, मासळी आणि कातळशिल्पं यांचं काय? दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि त्यावर गावोगावी बोलणं झालं. मात्र तिसरा प्रश्न फार कमी ऐकू आला. असा कारखाना चाळीस-पन्नास वर्षांसाठी बांधतात. त्यातून निघणाऱ्या पेट्रोल-डिझेलला चाळीस वर्षांनी गिऱ्हाईक असेल का? नसेल तर रसायनं आणि विमानाचं इंधन यांच्यावर तो चालेल का? नारळाचं उदाहरण इथे लागू पडतं: पाण्याला गिऱ्हाईक राहिलं नाही तर खोबऱ्याच्या भावात नारळ परवडायला हवा. प्रकल्पाच्या बाजूने असा वा विरोधात, हा प्रश्न विचारता आला पाहिजे.

आणि आयटीआयचा प्रश्न? डिझेलचं काम दहा वर्षांत गायब होणार नाही. ट्रक, ट्रॉलर, जेसीबी, जनरेटर राहतील. पण आज सतरा वर्षांचा असलेला मुलगा चाळीस वर्षं काम करणार आहे. म्हणून डिझेल मेकॅनिकला घालायला हरकत नाही, त्याच्या जोडीला मोटर, बॅटरी, वायरिंग, कंट्रोलर हेही शिकू द्या. घासलेटचे स्टोव्ह दुरुस्त करणारे कारागीर आपण पाहिलेत. ज्यांनी वेळेवर गॅसची शेगडी हातात घेतली, त्यांचं दुकान चाललं.

वर्गात घेता येण्यासारखं

१. आजी-आजोबांना विचारून या: घरात घासलेट शेवटचं कधी आणलं? त्याची जागा कशाने घेतली?

२. घरातल्या दहा वस्तूंची यादी करा ज्या तेलापासून बनतात पण जळत नाहीत.

३. आठवडाभर घरातलं पेट्रोल-डिझेल मोजा, माणसांच्या संख्येने भागा, ०.६ शी तुलना करा. इथे एक खोच आहे: ०.६ मध्ये ट्रक, गॅस, प्लास्टिक सगळं धरलेलं आहे. मग तुमच्या घरचा आकडा पूर्ण कसा होईल?

४. तेलावरची एखादी बातमी कापून आणा आणि तिच्यातला गाळलेला 'जर' शोधून लिहा.

तिसऱ्या प्रश्नावर मुलं भांडतील. भांडू द्या, त्यातूनच ती हिशेब मांडायला शिकतील.